रस्ता ऐकणारे नाना

आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात. नवा माणूस आला की त्याला वाटतं, भांडण चाललंय. भांडण नसतं. वडील गुजरातेत वीसेक वर्षं पांडेसऱ्यातल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात बारा-बारा तास उभे राहिले आणि त्यात त्यांचे कान गेले. बमरोलीतल्या एका खोलीत आम्ही सहा जण. खोलीत एका वेळी चारच माणसं आडवी होऊ शकत. वडील रातपाळी करून सकाळी आले की मी उठायचो आणि माझ्याच गोधडीवर ते झोपायचे. गोधडी कधी गार झालेली मला आठवत नाही. आई दिवसभर साड्यांचे लोंबते धागे कापायची. जेवताना आमच्या ताटातसुद्धा रंगीत दोरे सापडायचे. अशा घरात मी बारावीला एकदा नव्हे, दोनदा नापास झालो.

दुसऱ्या निकालाच्या दिवशी वडिलांनी एवढंच सांगितलं, "आजून एक डाव. मंग मना शेजारना सांचावर उभा राहा." सांचा म्हणजे लूम. त्यांच्या शेजारचा सांचा खरोखरच रिकामा होता. मला तो सांचा नको होता. पण पुढच्या मार्चपर्यंत घरात बसून खाणंही बरं दिसत नव्हतं, म्हणून पावसाळा उलटल्यावर मी रस्त्याच्या गँगमध्ये लागलो. ही चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षाची गोष्ट. तिथे मला नाना भेटले.

नाना रस्ता ऐकायचे. कुणाला हे खोटं वाटेल, पण आमच्या गँगमधल्या कुणालाही विचारा. खड्ड्यापाशी आले की ते आधी पहारीचं बोथट टोक कडेच्या डांबरावर हलकेच आपटत. टक्. वीतभर पुढे, टक्. आणखी पुढे, ठप्. 'ठप्' आला की मान हलवायची आणि म्हणायचं, "पोकय शे." म्हणजे पोकळ आहे, वरून डांबर धड दिसतंय, पण खाली पाणी शिरून खडी सुटली आहे. मग पुन्हा 'टक्' येईपर्यंत पुढे जायचं, तिथे खडूने रेघ मारायची. घमेल्याएवढा खड्डा असेल तर नानांची रेघ खाटेएवढी व्हायची. तेवढं सगळं उभ्या कडांनी चौकोनी कापायचं, धूळ झाडायची, झारीने गरम डांबर शिंपडायचं, मग खडीचा माल भरायचा आणि धुम्मस मारून बसवायचा.

या मोठं करण्यावरून रोज कुणीतरी बोलायचंच. एकदा कापड मार्केटच्या पार्किंगमध्ये काम होतं. टेम्पो दिवसभर तिथे उभे राहत, त्यांचं डिझेल गळून गळून डांबर खव्यासारखं मऊ झालेलं. नानांनी निम्मं पार्किंग रेघांनी भरून टाकलं. एक शेठ दुकानाच्या पायरीवरून ओरडले, "काका, खाडो पूरवा आव्या छो के मोटो करवा?" पूरवा म्हणजे बुजवायला.

नाना वाकलेल्या कमरेनेच वर बघत म्हणाले, "पह्यले मोटो, पछी पूरो, शेठ."

शेठ हसले. ठेकेदाराचा माणूस हसला नाही. तो म्हणाला, "डॉक्टर, आपको दवाई लगाने भेजा है, ऑपरेशन करने नहीं." त्या दिवसापासून तो नानांना डॉक्टरच म्हणायचा, आणि त्यात मान अजिबात नव्हता. दुसरी गँग दिवसाला जेवढे खड्डे बुजवायची, त्याच्या निम्मेही आमच्याकडून होत नसत. दुसऱ्या गँगचे लोक खड्ड्यातलं पाणीसुद्धा काढत नसत. वरून माल टाकला, फावड्याने थोपटला, चला पुढे. दोन महिन्यांनी तोच खड्डा उघडायचा आणि नाना तिथे कपाळाला हात लावून उभे राहायचे. "ह्या खड्डाले मी वयखस. धाकला भाऊ शे मना. दर वरीस भेटाले येस."

नाना मूळचे दोंडाईच्याकडचे. पायांना गोणपाट बांधलेलं, टायरच्या चपला, हातांवर डांबराने पडलेले जुने काळे डाग. संध्याकाळी ते रॉकेलच्या चिंधीने हात पुसायचे, पण पुसून झाल्यावरही हात तसेच दिसायचे. माणूस गोड नव्हता. कुणाचं कौतुक केलेलं मी ऐकलं नाही. काम चांगलं झालं की गप्प बसायचे, बिघडलं की बोलायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "जानाराले रस्ता दिसना, म्हनजे आपलं काम बिघडनं." म्हणजे जाणाऱ्याला रस्ता दिसला, की काम बिघडलं; त्याला रस्ता दिसताच कामा नये. इतकं राबून शेवटी कुणाला काही दिसू नये हाच हिशेब असेल, तर माणूस थकणारच. नाना कायम थकलेले असायचे. चहा पितानाही थकलेले.

जेवणाच्या सुट्टीत डांबराच्या पिंपापासून जरा लांब, लिंबाखाली बसून मी पुस्तक काढायचो. एके दिवशी नानांनी विचारलं, "किती येळ नापास व्हयना?"

"दोनदा."

"आते काय करशी?"

मी पिशवीतून नवंकोरं 'अपेक्षित' काढून दाखवलं. परीक्षेत काय येणार त्याचे तयार प्रश्न आणि तयार उत्तरं. पाठ करायचं आणि लिहून यायचं.

नानांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, जाडी बघितली आणि परत दिलं. "म्हनजे धूय झाडानी नही, पानी काढानं नही, वरतून माल टाकी देवाना."

मला राग आला. मी म्हणालो, "नाना, अंगठा लावणाऱ्याने बारावीचं बोलू नये."

धुम्मस मारणाऱ्या सुमनबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. नाना मात्र चिडले नाहीत. मला वाटतं, चिडायचाही त्यांना कंटाळा आला असावा. म्हणाले, "बरं. मी अंगठावाला. मंग तूच सांग. अकरावीनं येस?"

"थोडं."

"दहावीनं?"

"पाठ केलं होतं."

"आठवीनं?"

इथे मी अडलो. सातवीपर्यंत मी मराठी शाळेत होतो. आठवीला गुजराती शाळेत गेलो. पहिल्या चाचणीत मी सगळ्या गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ ओढली होती. गुजरातीत ती नसते, पण हाताला सवयच होती, रेघेशिवाय अक्षर उघडं वाटायचं. सरांनी पेपर वर्गात फडकावला, "आ लीटी केम दोरी? कपडां सूकववानां छे?" वर्ग खो-खो हसला. त्यानंतर मी वर्गात प्रश्न विचारला नाही. पाच वर्षं विचारला नाही. जे कळेल ते कळेल, बाकीचं पाठ. इंग्रजीचं तर त्याहून वाईट. ते पाचवीपासूनच कळलं नव्हतं.

हे सगळं मी नानांना सांगितलं. त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते ऐकत होते, काडीने जमिनीवर रेघा मारत. शेवटी म्हणाले, "आठवीपासून पोकय. इंग्रजी पाचवीपासून. तठलगून काप." तिथपर्यंत खणून काढ, असं.

"म्हणजे मार्चची परीक्षा?"

"सोड. पुढला वरीस बस."

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या बहिणीचं पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन कामावर गेलो. विसाव्या वर्षी, मिशी फुटलेली, आणि हातात मांजर-उंदराची चित्रं. सुमनबाई कशाला सोडतात! "भाऊ, मना आंडोर दुसरीमा शे. त्याले तू शिकाडशी, का तोच तुले शिकाडी?" आंडोर म्हणजे मुलगा. ठेकेदाराचा माणूस तर रोज हजेरी घ्यायला लागला, "पाचवी ब, हाजिर?" मी मान खाली घालून वाचत राहिलो. महिन्याभरात आश्चर्य हे वाटलं की पाचवीचं पुस्तक खरंच सोपं होतं. तेव्हा कुणी नीट सांगितलं असतं तर तेव्हाच आलं असतं.

घरी मात्र हे लपणार नव्हतं. मार्चचा फॉर्म भरला नाही असं वडिलांना कळलं आणि सुट्टीच्या दिवशी ते थेट कामावर आले. आम्ही तेव्हा उधन्याकडच्या एका रस्त्यावर होतो. स्वतःला ऐकू येत नसल्याने त्यांना आपल्या आवाजाचा अंदाज नसे. सगळा रस्ता थांबला.

"नाना! पोऱ्याले मांगे कोठे लई जाई राहिनात? बारावीवरतून पाचवीमा? तठे सांचा रिकामा पडेल शे!"

बोलून उपयोग नव्हता. नानांनी वडिलांचा हात धरला, त्यांना उकिडवं बसवलं आणि त्यांचा तळवा रस्त्यावर टेकवला. मग हातभर अंतरावर पहार आपटली. वडिलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. नानांनी तळवा उचलून खड्ड्याजवळ ठेवला आणि पुन्हा पहार आपटली.

वडिलांनी दचकून वर पाहिलं. "आठे थरथरस."

नानांनी तळवा आणखी सरकवला. टक्.

"आठे नही."

मग नाना त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडले. नानांना ओरडताना मी तेवढंच एकदा पाहिलं. "जठे थरथरस, तठलगून खोदनं पडी! तुना पोऱ्या हुशार शे, पन खालतून सुटेल शे!"

वडील बराच वेळ उकिडवे बसून राहिले. तळवा रस्त्यावरच. मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्यांना अर्थातच ऐकू येत नव्हता. मग त्यांनी विचारलं, "किती वरीस?" नानांनी एक बोट वर केलं. वडिलांनी हात पँटला पुसला आणि ते चालू लागले. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले आणि मला म्हणाले, "मार्चमा बसू नको." सांच्याचं पुन्हा काही बोलले नाहीत. त्या सांच्यावर दुसरा माणूस लागला, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी प्लेग आला. सगळे गावाकडे पळाले, तसे आम्हीही. मी गाडीत आठवीचं गणित मांडीवर घेऊन बसलो होतो, हे मी अभिमानाने सांगतो. परत आलो तेव्हा शहर बदलायला लागलं होतं. रस्ते रुंद झाले, मोठी यंत्रं आली, एका दिवसात मैलभर डांबर पडायला लागलं. आमच्या हातांनी कापलेले चौकोन त्याखाली गेले. नानांनी एकदा त्या नव्या रस्त्यावर पहार आपटून बघितली, 'टक्' आला, मान हलवली नाही आणि काही बोललेही नाहीत. गँगला काम मिळेनासं झालं.

पुढच्या वर्षी मी बारावी पास झालो. पेढे घेऊन नानांच्या खोलीवर गेलो, तर त्यांची वळकटी बांधलेली. तसाच त्यांच्याबरोबर उधना स्टेशनवर गेलो. नंदुरबारकडे जाणारी पॅसेंजर उशिरा होती. बाकावर बसून त्यांनी एक पेढा खाल्ला, दुसरा कागदात बांधला.

मी म्हणालो, "नाना, मी कॉलेजात नाव घालतोय. थांबा ना इथेच."

"तुनं कॉलेज तीन वरीस चाली. मी कोठे थांबू?" मग जरा वेळाने, जणू माझ्याशी नाहीच, "आते थकनू रे."

त्या अंगठ्याच्या बोलण्याबद्दल मला माफी मागायची होती. गाडी आली, गर्दी झाली, वळकटी खिडकीतून आत ढकलायची होती. ते राहून गेलं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुमनबाई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, नाना गेले, महिना होऊन गेला. आजार असा काही नव्हता म्हणे. शेतावरून येऊन ओट्यावर पडले, ते उठले नाहीत. मी कॉलेजच्या वाटेवर होतो. थोडा वेळ तिथेच कडेला उभा राहिलो, मग वर्गात जाऊन बसलो.

तीन वर्षांत, एकदाही नापास न होता, मी बी.कॉम. झालो. वर्ग दुसरा मिळाला. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला माणूस आहे.