चाखणं म्हणजे खाणं नव्हे

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज तीनशे माणसांचं जेवण रांधणाऱ्या आचारीबुवांना मोबाइलमधल्या एका अ‍ॅपनं जेरीस आणलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि डॉक्टरांनी साफ सांगितलेलं, रक्तातली साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. मग लेकीनं फोनमध्ये अ‍ॅप घालून दिलं. जे खाल ते त्यात लिहायचं. कुठे जास्त झालं ते अ‍ॅप सांगणार.

पहिल्याच दिवशी अ‍ॅपनं विचारलं, किती खाल्लं? बुवांनी हाताच्या सवयीनं अख्ख्या पातेल्याचं माप भरलं. चाळीस किलो बटाटे, तीन लिटर तेल. अ‍ॅपनं ताबडतोब डॉक्टरांना गाठायचा सल्ला दिला. लेक हसून हसून लोळली.

"वाटीच्या मापानं स्वयंपाक करतं का कुणी?" बुवा फणकारले.

तरी ते नेटानं लिहीत राहिले. भात निम्म्यावर आणला, चहातली साखर सोडली, जेवताना गोडाला हात लावला नाही. अक्षरं दिसायची नाहीत, म्हणून फोन नाकाला लावून टिपायचे. अ‍ॅप रोज हिरवी खूण देई, वर टाळ्याही वाजवी. तीन महिन्यांनी तपासणी झाली, तर साखर जागच्या जागी. ऑपरेशनची तारीख दुसऱ्यांदा पुढे गेली. बुवांनी फोन पलंगावर आपटला.

"टाळ्या कसल्या वाजवतंय लेकाचं."

"बाबा, तुम्ही चोरून खाताय," लेक म्हणाली.

हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कॅन्टीनमधला एक घास चोरून खाल्ला नव्हता. "ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ," ते म्हणाले.

लेक रजा काढून आली आणि भटारखान्यात स्टुलावर बसली. बुवांनी रश्श्यात डाव बुडवला, तळहातावर थोडा रस्सा घेतला, जिभेला लावला. मीठ टाकलं, पुन्हा लावला. मग भाताची दोन शितं. मग कस्टर्ड, साखर पुरली का, घट्ट झालं का, थंड झाल्यावर कसं लागतं. दर वेळी चमचाभर. लेक कागदावर रेघा ओढत होती. बारा वाजता तिनं कागद पुढे केला. एकसष्ट रेघा, त्यातल्या बावीस कस्टर्डच्या.

"हे का नाही लिहिलंत?"

"ते खाणं थोडंच आहे? ते चाखणं."

या वेळी लेक हसली नाही. बुवांना अ‍ॅपचा राग आला; जगभरच्या खाण्याची यादी त्यात होती, चाखण्याला मात्र जागा नव्हती. डॉक्टरांचाही आला. पण खरा संताप स्वतःचा होता. ज्या जिभेवर घर चाललं, तीच डोळ्यांच्या ऑपरेशनच्या आड येत होती, आणि हे आपल्याला कळू नये?

दुसऱ्या दिवशी रस्सा उकळला तसा बुवांचा तळहात सवयीनं पुढे आला. त्यांनी तो मागे घेतला आणि भांडी घासणाऱ्या मावशींना हाक मारली. मावशींनी ओले हात पदराला पुसले, डाव घेतला, चाखलं.

"मीठ कमी आहे हो."

बुवांनी चिमूटभर टाकलं, ढवळलं.

"आता?"

तीस वर्षांत स्वतःच्या रश्श्याबद्दल त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्याला विचारलं होतं. मावशी सावकाश चव घेत राहिल्या, आणि तेवढा वेळही बुवांना तिथे उभं राहवेना.