ओट्यावरचे चौदा लाईक

मोबाईल माझ्या टेबलावर ठेवून सविताताई म्हणाल्या, “वाचा वकीलसाहेब. आमी खोटारड्या हाव म्हनं.”

मेसेज इंग्रजीत होता. चॅनलवर बनावट लाईक आढळले, त्यामुळे व्हिडिओ कमी लोकांना दाखवत आहोत, सात दिवसांनी चॅनल बंद. सविताताई बोरी गावच्या. गोधडी शिवायला शिकवतात. चार वर्षांचे व्हिडिओ फक्त त्या चॅनलवरच होते.

“लाईक विकत घेतले का?”

“विकत कशाला? गल्लीतल्या बाया हायत की.”

मग उलगडा झाला. वायफाय एकट्या ताईंकडे. नवा व्हिडिओ आला की दुपारी चौदा बायका आपापले मोबाईल घेऊन त्यांच्या ओट्यावर जमत. एकदम लावायचा, संपला की एकदम लाईक. कोणता व्हिडिओ कुणापुढे जावा हे ठरवणारा प्रोग्राम म्हणजे अल्गोरिदम. एका जागेवरून, एकाच मिनिटाला चौदा लाईक आले, आणि त्याला ती टोळी वाटली.

मी जिंतूरला वकिली करतो. बहुतेक दावे बांधाचे. असल्या कामाची सवय नाही, त्यामुळे व्हिडिओच्या कंपनीसाठी लिहिलेली पहिली नोटीस चार पानी झाली, अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर. ती निरुपयोगी होती. तो हक्क सरकारकडे मागता येतो, खासगी कंपनीकडे सहसा नाही. पूर्वी माझे मसुदे पत्नी वाचायची आणि पेन्सिलीने विशेषणं खोडायची. ती गेल्यापासून ते काम मी सावकाश शिकतो आहे. चार पानांचं एक झालं. नियमाप्रमाणे कंपनीला तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. त्याने आमचं ऐकावं, एवढंच मागितलं.

पुरावा म्हणून बोरीला जाऊन चौदा जणींचे जबाब लिहून घेतले.

“माझा लाईक खोटा म्हनं!” सत्तरीतल्या कौसाबाई तडकल्या. “मी नवऱ्याचा फोटू बी लाईक करीत न्हाई, सायब.”

“हे लिहू?”

“लिवा की. त्याला बी कळू द्या.”

लिहिलं.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. इशारा मागे, व्हिडिओ पूर्ववत. अल्गोरिदमने नेमकं काय मोजलं, यावर एक ओळही नव्हती. ताईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी लगेच नवा व्हिडिओ टाकला.

मी म्हणालो, “आता बायकांना लाईक घरी जाऊन करायला सांगा.”

“घरी रेंज असती तर ओट्यावर कशाला आल्या असत्या?”

चौदा जबाबांच्या प्रती मी कपाटात हाताशी ठेवल्या आहेत. अशा पक्षकाराची फाईल बंद करायची नसते.