समज देऊन बंद केलेला भोंगा

माझ्या हातून तपास झालेले बरेचसे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता जबाब कोणत्या गुन्ह्यातला, हे चटकन सांगता येत नाही. परभणीजवळच्या एका काँक्रीट प्लांटवरचा लोडरचा अपघात मात्र पहिल्या फोनपासून कोर्टातल्या शेवटच्या तारखेपर्यंत जसाच्या तसा डोक्यात आहे. मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात सहकाऱ्यांनी याच प्रकरणातल्या माझ्या वागण्याचे कौतुक केले. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपून बंदोबस्ताचे वाटप चालू होते. ठाणे अंमलदाराने फोन ठेवला आणि सांगितले, पिंगळी रस्त्याच्या प्लांटवर लोडरखाली माणूस आला आहे.

लोडर म्हणजे पुढे मोठी बकेट आणि माणसाच्या छातीएवढी चाके असलेले यंत्र. ढिगातून खडी उचलायची, रॅम्पवर चढायचे, कप्प्यात खडी ओतायची आणि मागे यायचे. दिवसभर हेच. रॅम्पवर सांडलेली खडी फावड्याने गोळा करायला एक मजूर होता. बोरीकडचा, चाळिशीतला, घरी थोड्या मेंढ्या. मागे येणाऱ्या लोडरचे चाक त्याच्या उजव्या पायावरून गेले होते. आम्ही पोहोचेपर्यंत त्याला जिल्हा रुग्णालयात नेले होते. जागेवर फावडे आणि एक चप्पल होती. पंचनाम्यात दोन्ही घेतले. दुपारी डॉक्टरांनी कळवले, गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

लोडरचा ऑपरेटर मशीनच्या सावलीत उकिडवा बसलेला होता. पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांचा, पोखर्णीचा राहणारा, अंगाने किरकोळ. मी विचारले, काय झाले? तो म्हणाला, "माझीच चूक हाय साहेब. लिहून घ्या."

त्याच संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला की ऑपरेटर पिऊन होता. पण त्याची वैद्यकीय तपासणी आम्ही सकाळीच करून घेतली होती आणि तिच्यात काही निघाले नव्हते. फोन प्लांटच्या कार्यालयातल्याच माणसाने केला होता, हे पुढे कळले. निनावी फोन खोटा निघाला तरी वाया जात नाही. दोष कोणावर ढकलायचा आहे, एवढे तरी त्यातून समजते.

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक लोडर तपासायला आले. त्यांनी ब्रेक, टायर, आरसे सगळे पाहिले आणि मग मलाच वर केबिनमध्ये बसवले. आमच्या शिपायाला म्हणाले, "तुम्ही मागे जाऊन उभे राहा."

मी दोन्ही आरशांत पाहिले, मान वळवून पाहिले. मागच्या इंजिनाच्या खोक्याशिवाय काही दिसेना.

"दिसायलोय का साहेब?" शिपाई ओरडला.

"कुठे आहेस?"

"इथंच तर हाय की! हात वर करून उभा हाय. आता काय नाचू का?"

खाली सगळे हसले. मलाही हसू आले. निरीक्षक मात्र हसले नाहीत. म्हणाले, "म्हणून याला मागे भोंगा असतो. रिव्हर्स टाकला की आपोआप वाजतो. चालवणाऱ्याला माणूस दिसत नाही, तेव्हा माणसाला मशीन ऐकू यायला हवी. हा वाजत नाही." त्यांनी मागचे झाकण उघडून दाखवले. भोंग्याची वायर कापून दोन्ही टोकांना टेप गुंडाळली होती. टेपवर सिमेंटचा थर दगडासारखा बसला होता. म्हणजे वायर कापून काही महिने झाले होते.

मी व्यवस्थापकाकडून रोजच्या तपासणीची वही जप्त केली. कामाला लागण्याआधी ऑपरेटरने मशीनभोवती फिरून एकेक गोष्ट पाहायची आणि खूण करायची, अशी ती वही. 'रिव्हर्स भोंगा' या ओळीपुढे रोज बरोबरची खूण होती. अपघाताच्या दिवशीसुद्धा.

व्यवस्थापक म्हणाला, "साहेब, त्याला आवाजाचा त्रास व्हायचा. त्यानेच कापली असणार. खुणा बघा, त्याच्याच हातच्या आहेत."

इथे गुन्हा उघड झाला, असे मला वाटले. गुन्हा जामीनपात्र होता, म्हणून ऑपरेटरला रोज हजेरीला बोलावत होतो. समोर उभे करून विचारले, "वायर कोणी कापली?"

"म्याच कापली."

"का?"

तो गप्प.

"भोंगा बंद असताना वहीत खूण का केलीस?"

"रकाना रिकामा ठेवला तर मशीन उभी करावी लागती, असं म्यानेजर साहेब म्हणले. म्हणून केली."

"आणि वायर का कापलीस?"

पुन्हा गप्प. असे तीन दिवस चालले. खोटे बोलणारा माणूस फार बोलतो, घाबरलेला तेच तेच बोलतो. हा दोन्हींतला नव्हता. मी आवाज चढवला की तो माझ्याकडे असा पाहायचा, जणू उत्तर मला ठाऊक आहे आणि मी उगीच विचारतो आहे. तो उर्मटपणा वाटून मी त्याला दिवसभर बाकावर बसवून ठेवले.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको भाकरी घेऊन आली. आमच्या महिला हवालदार दारातच होत्या. त्या तिला म्हणाल्या, "बाई, नवऱ्याला समजावून सांगा. खरं बोलला तर त्याच्याच फायद्याचं हाय."

ती म्हणाली, "ताई, ते कसे बोलतील? समोर तेच साहेब बसायलेत."

"तेच म्हणजे?"

"ज्यांनी भोंगा बंद कर म्हणले, ते. समद्या प्लांटला ठावं हाय."

हवालदारबाईंनी मला काही विचारले नाही. अर्जांचे रजिस्टर आणले, सात महिन्यांपूर्वीचे पान उघडून माझ्या टेबलावर ठेवले आणि बाहेर गेल्या.

प्लांटच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांचा अर्ज होता. पत्नीचे हृदयाचे ऑपरेशन झाले आहे, लोडरच्या टीं-टीं आवाजाने तिला दिवसा क्षणभर झोप मिळत नाही. अर्ज खोटा नव्हता. खाली माझ्या अक्षरात शेरा होता: 'जागेवर जाऊन संबंधितास आवाज बंद करण्याची समज दिली. अर्ज दफ्तरी दाखल.' आणि माझी सही.

मग सगळे आठवले. दुसऱ्या कामावरून परतताना मी प्लांटवर जीप थांबवली होती. लोडरवरच्या माणसाने धुळीसाठी तोंडाला रुमाल बांधला होता. मी खालूनच म्हणालो होतो, "तो भोंगा बंद कर. पुन्हा तक्रार आली तर मशीन ठाण्यात आणून लावीन." तो म्हणाला, "साहेब, ते रिव्हर्सचं हाय, त्याला..." मी त्याला पुढे बोलू दिले नाही. "मला शिकवू नको" म्हणालो आणि निघालो. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम. घरी जाताना एक अर्ज निकाली निघाल्याचे समाधानही होते.

अपघातानंतर त्याच प्लांटवर तीन वेळा गेलो, तरी मला हे आठवले नाही. आठवले नाही की आठवायचे नव्हते, हे आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आता जे लिहितो आहे, ते कौतुकाच्या भाषणात नव्हते. ते रजिस्टर पाहिल्यावर मी लगेच काही केले नाही. चार दिवस गप्प राहिलो. ते चारही दिवस तो माणूस हजेरीला आला, बाकावर बसला, गेला. त्याला शिक्षा झाली असती तर पुन्हा कोणी मशीनवर बसवले नसते, आणि दुसरे कोणतेही काम त्याला येत नव्हते. माझ्या एका कागदावर ते ठरणार होते. पाचव्या दिवशी मी वरिष्ठांकडे गेलो. ते चांगले अधिकारी होते. सगळे ऐकून म्हणाले, "अर्ज दफ्तरी गेला आहे. तो तपासात यायलाच पाहिजे, असे कोण म्हणते? तू वायर काप म्हणाला नव्हतास ना?"

"नाही सर. आवाज बंद कर म्हणालो होतो. आवाज वायरीनेच बंद होतो."

त्यांनी गुन्ह्याची फाइल स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, "तपास दुसऱ्याकडे देतो. तू साक्षीदार म्हणून जबाब दे." मी दिला.

त्याआधी रुग्णालयात जाऊन जखमी माणसाला सांगून आलो. तो खाटेवर टेकून बसला होता. ऐकून घेतले आणि म्हणाला, "आमी मशीनकडं पाठ करूनच काम करायचो साहेब. आवाज आला की बाजूला सरकायचं, एवढंच ठावं. मंग ते बंद झालं. पाठीला काय डोळे असतेत का?" मी म्हणालो, माझे चुकले. त्याने चादर पायावर ओढून घेतली. एकाच पायावर.

मला लेखी ताकीद मिळाली. नव्या तपास अधिकाऱ्याने भोंगा बंद असताना मशीन चालवून घेतली म्हणून व्यवस्थापकालाही आरोपी केले. खटला उभा राहिला. ऑपरेटरच्या वकिलाने मला विचारले, "भोंगा बंद करायला कोणी सांगितले?" मी म्हणालो, "मी." पंचवीस वर्षांच्या नोकरीत शेकडो साक्षी दिल्या, पण एवढे छोटे उत्तर दुसरे कोणते दिले नाही. ऑपरेटर सुटला. व्यवस्थापकाला शिक्षा झाली. मला कोर्टात शिक्षा होण्याचा प्रश्नच नव्हता. तोंडी समज देणे हा गुन्हा नाही.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. नंतरच्या नोकरीत मी कुणालाही समज देण्याआधी त्याला विचारायचो, तुझे म्हणणे काय? आणि शेऱ्याखाली तेही लिहायचो. दोन ओळी जास्त लागतात. कधी त्या दोन ओळींमुळे सगळा शेराच बदलावा लागतो. ही सवय मला अगोदर असती तर एक माणूस आज दोन पायांवर मेंढ्यांमागे गेला असता.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात ऑपरेटर चहाच्या गाड्यापाशी उभा होता. मी जवळ गेलो. त्याने माझ्यासाठी चहा सांगितला.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला मध्येच तोडले. तू काय सांगणार होतास?"

"जाऊ द्या साहेब. झालं ते झालं."

"नाही, सांग."

त्याने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी दाखवले. "त्या भोंग्याचं तोंड मागं भिंतीकडं होतं. ते फिरवून खाली जमिनीकडं केलं असतं ना, तर मशीनमागच्या माणसाला ऐकू आलं असतं अन् मास्तरच्या घरात लय कमी गेलं असतं. दोन नटाचं काम होतं. तुमी उभं राहिले असते तर तुमच्यासमोरच करून दाखवलं असतं."