दिगंबरचा डावा कान

दिगंबरच्या मेहुण्याचा, बाळूचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला पटवत होतो, की जुनी हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका, पैसे जास्त जातील पण कॉम्प्युटर पळायला लागेल. बाळू रडत नव्हता, संतापला होता. अकोल्याच्या अलीकडे डावीकडच्या फाट्यावरून आलेल्या ट्रकनं दिगंबरला मोटरसायकलसकट चिरडलं होतं. "हॉर्न देऊनच राहिला होता म्हन्ते तो ट्रकवाला," बाळू म्हणाला, "पन डाव्या कानानं कुठं ऐकू येत होतं त्याइले." दिगंबरचा डावा कान बहिरा होता हे सगळ्यांना माहीत होतं. तो कोणाच्या चुकीपायी बहिरा झाला हे मात्र दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक त्या दिवशी शवागारात होता आणि दुसरा मी. मी गिऱ्हाइकाला पावती दिली आणि अकोल्याला निघालो.

दिगंबर तिवशाकडच्या शेतकरी घरातला, मी शाळामास्तरचा मुलगा. म्हणून तो मला 'मास्तर'च म्हणायचा. अकोल्यात आमचं दोघांचं दुकान होतं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि लग्नाच्या व्हिडिओंच्या एडिटिंगचं. दिगंबरचा राग म्हणजे नाकावर नाही, थेट हातावर. कागद अडकवणारा एक प्रिंटर त्यानं रस्त्यात नेऊन हातोड्यानं फोडला होता, आणि मला चोर म्हणणाऱ्या एका माणसाला गचांडी धरून पायऱ्यांवरून खाली फेकलं होतं. मेलेली हार्ड डिस्क तो मालकासमोरच ठेचायचा, कोणी त्यातलं काही काढू नये म्हणून. ते काम त्याला जरा जास्तच आवडायचं. पण डिस्क जिवंत असली की हाच माणूस डॉक्टर व्हायचा. पेचकसाचं टोक डिस्कवर टेकवायचं, पिवळी मूठ डाव्या कानाशी धरायची, डोळे मिटायचे. "आठ दिवस काढन ही," तो म्हणायचा, आणि आम्ही घाईघाईनं सगळं उतरवून घ्यायचो. त्याचा अंदाज क्वचित चुकायचा.

एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या, आवाज न करणाऱ्या डिस्क, नवीन आल्या तेव्हा त्यांची किंमत ऐकून माणूस दुकानातून बाहेर पडायचा. मला ती हवीच होती. लग्नसराईत एडिटिंग करताना दर क्लिपला ताटकळत बसायचं, तोवर पुढची तीन लग्नं दारात. दिगंबरचं एकच म्हणणं. "जुनी मराच्या आदी खडखड करते, मास्तर. सांगून मरते. हे तुई नवीन मुकी हाय. मुकीचा काय भरोसा?" मी म्हणालो, तुझ्या कानावर धंदा चालवायचा का आपण? त्यानं कीबोर्ड उचलून मारला. माझ्या कपाळावर दोन टाके पडले. टाके घालायला तोच घेऊन गेला, येताना चहा पाजला आणि म्हणाला, घे तुझी एसएसडी. फक्त जुनीची नक्कल मी करीन, तू हात लावायचा नाही. मी बरं म्हणालो.

आणि हात लावला. तो दोन दिवस गावी गेला होता. परत येईल तेव्हा कॉम्प्युटर पळताना दाखवून त्याचं तोंड बंद करायचं, एवढीच खुमखुमी. नक्कल करताना कुठून घ्यायचं आणि कुठे टाकायचं हे निवडावं लागतं. दोन्ही डिस्क सारख्याच आकाराच्या, आकडे सारखे, आणि मी घाईत उलटं निवडलं. नव्या डिस्कचं रिकामपण जुनीवर उतरत गेलं. जुनी छान घरघरत होती... संपूर्ण वेळ छान घरघरत होती. दिगंबर आला, त्यानं पेचकस कानाला लावला आणि म्हणाला, "आवाजानं तं चांगली हाय." मग माझं तोंड पाहिलं. मला वाटलं आता मारणार. तो नुसता स्टुलावर बसला. तीन लग्नं गेली होती. कॅमेऱ्याची कार्डं आम्ही केव्हाच पुसून पुढे वापरली होती.

दोन घरांना कसंबसं समजावलं. तिसरं लग्न परतवाड्याचं. मुलीचे वडील लग्नानंतर आठव्या दिवशी वारले होते, आणि त्यांचा चालताबोलता चेहरा होता तो फक्त त्या डिस्कवर. भरदुपारी सातआठ जण जीपमधून उतरले. मुलीच्या भावानं दारातूनच विचारलं, "कोनं पुसलं?" दिगंबरनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "म्या पुसलं," तो म्हणाला. त्यांनी त्याला काउंटरवरून ओढून घेतलं. लाथा घातल्या, खुर्ची घातली, आणि मुलीच्या भावानं आमच्याच लाइटचा लोखंडी स्टँड उचलून त्याच्या डाव्या कानावर दोनदा हाणला. दुसऱ्या फटक्याला आवाज वेगळा आला. मी काउंटरच्या आत उभा होतो, आणि माझ्या मुठीत ती नवी एसएसडी होती. साध्या शब्दावरून माणसं फेकणाऱ्या दिगंबरनं हात वर केला नाही. ते गेल्यावर कानातून रक्त खांद्यावर उतरत होतं आणि तो मलाच विचारत होता, तुला कुठं लागलं का.

काहून केलं असं, हे मी त्याला दवाखान्यात विचारलं, उजव्या कानाशी वाकून. "दोन बुक्क्यात मेला असता तू, मास्तर," तो म्हणाला. बस, एवढंच कारण. पुढे बाजारात त्याचं नाव 'लग्न पुसणारा' पडलं. गिऱ्हाइकं तुटली. घरी त्याची बायको, संगीतावहिनी म्हणायच्या, सुखानं काम करत होता, कोणी सांगितलं होतं ते नवीन खूळ? तो ऐकून घ्यायचा. मी वर्षभरात अमरावतीला आलो आणि ज्या वस्तूपायी हे घडलं तीच विकून बस्तान बसवलं. ती पैसे वसूल करून देते हे खरंच आहे, मी कोणाला फसवलेलं नाही. मला चीड येते ती याचीच, की वस्तूबद्दल मी बरोबर होतो. तो शेवटचा आला तेव्हा उजवा कान माझ्याकडे करून बसला होता. वहिनींना खरं सांगून टाकतो, असं मी म्हणालो. "आता काय सांगतं," तो हसला, "तिले सवय झाली मले शिव्या द्याची."

तेरवीला वहिनींनी तो पेचकस माझ्या हातात ठेवला. पिवळ्या मुठीला कानाच्या तेलकटपणाचा काळपट डाग अजून आहे. "तुमीच न्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "जल्मात एकच चूक केली त्याइनं, अन् तेच जिवावर उठली." बाळू शेजारी उभा होता. म्हणाला, ते परतवाड्याचे आज सापडले तर एकेकाचे हात तोडीन. माझ्या तोंडाशी आलं होतं... मी पेचकस खिशात घातला आणि जेवायच्या पंगतीत जाऊन बसलो. त्या दिवशी मी जेवलो, हेही लिहून ठेवतो.

आता कोणतीही नक्कल करण्याआधी मी जुन्या डिस्कला पेचकस लावून कान देतो. मला त्यातलं काही कळत नाही. नव्या डिस्कला लावला तर काहीच ऐकू येत नाही, तरी लावतो.

संगीतावहिनी, पेपरची ही रविवारची पुरवणी तुमच्याकडे येते आणि तुम्ही ती वाचता, म्हणून इथे लिहिलं. समोर सांगायची माझी छाती झाली नाही. दिगंबरनं काही पुसलं नव्हतं. मी पुसलं. बाळूला हे वाचून दाखवा. दुकान दहाला उघडतं. तो आला तर मी काउंटरच्या बाहेर उभा असेन.