आत्याबाईंचा अननस

पाण्याला न भिणारी माणसं कोकणात ढिगानं सापडतील. पण जिला पाहून पाणीच अंग चोरून घेतं अशी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे माझ्या बायकोची आत्या. सगळी हयात रत्नागिरीत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या. दर मे महिन्यात आम्ही सगळे गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन जवळच्याच एका रिसॉर्टवर दोन दिवस राहतो. तिथं इतरांच्या पिशव्यांतून टॉवेल निघत, आत्याबाईंच्या पिशवीतून घडी घातलेला एक अननस निघे. हवा भरायचा, चांगला सहा फुटी, पिवळाधमक, डोक्यावर हिरवा तुरा. हापूसच्या मुलखात अननसावर तरंगायचं याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. "आंबा मागितला तर हसला मेला दुकानदार," हे त्या दरवर्षी नव्या संतापानं सांगत. पंप त्यांना मंजूर नव्हता; अननस तोंडानंच फुगवायचा, आणि तोही जावयानं. "थांबू नका जावईबापू, मागे येत्ये ती हवा!" माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले की अननसाला जेमतेम आकार यायचा.

रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाला त्या 'टाकी' म्हणत. दोन भाच्यांनी दोन्ही बाजूंनी अननस धरायचा, आत्याबाईंनी पायरीवरून त्यावर आडवं व्हायचं, मग उजव्या हाताला तळलेल्या गऱ्यांचा डबा, डाव्या हाताला शब्दकोडं, आणि उन्हासाठी चक्क उघडी छत्री. एवढा सरंजाम तलावाच्या मधोमध पोचला की बाकीच्यांना कडेकडेनं पोहावं लागे. कुणाचा धक्का लागला तर त्या छत्री तिरकी करून विचारत, "काय हो, दिसत नाही का?" आणि धक्का मारणारा नाकातोंडात पाणी गेलेल्या अवस्थेत माफी मागे.

एकदा पुण्याच्या एका गृहस्थांनी तक्रार केली. मॅनेजर आला आणि त्यानं भिंतीवरची पाटी दाखवली : गर्दीच्या वेळी मोठे तराफे पाण्यात आणू नयेत. दुर्दैवानं तो आत्याबाईंचा विद्यार्थी निघाला.

"बाई, नियम आहे," तो हात जोडून म्हणाला.

"गर्दी म्हणजे किती माणसं? लिहिलंय कुठं?"

"तसं नाही बाई, पण…"

"पृथ्वीवर पाणी किती?"

"एकाहत्तर टक्के," तो बिचारा सवयीनं ताठ उभा राहून म्हणाला.

"मग त्यातलं एवढंसं मला नको होय? जा, चहा पाठव."

चहा आला. पुण्याचे गृहस्थ सूर्यस्नानाला गेले.

या राज्याचा शेवट गेल्या वर्षी झाला. लोटे गावच्या एका कारखान्यातली काही मंडळी सहलीला आली होती. त्यांतल्या एका धिप्पाड माणसानं काठावरून धावत येऊन अशी उडी मारली की तलाव हेलपाटला आणि अननस उलटा झाला. छत्री एकीकडे, गरे सगळीकडे, आणि आत्याबाई पाण्याखाली! मी चष्म्यासकट उडी टाकली. मी पोचेपर्यंत त्या उभ्या राहिल्या होत्या. पाणी त्यांच्या छातीपर्यंत होतं. वेणीतून धारा लागल्या होत्या आणि चेहऱ्यावर जन्मात न पाहिलेला गोंधळ. त्या खाली आपल्या पायांकडे पाहत होत्या.

"अगो बाई," त्या हळूच म्हणाल्या, "पाय टेकतात की हो इथं!"

कुणीतरी हसलं. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या माणसाला त्या ओरडतील म्हणून आम्ही सगळे वाट पाहत होतो, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका हातानं काठ धरून त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, आणि परत आल्या.

संध्याकाळी व्हरांड्यात केस वाळवताना त्यांनी आपणहून विषय काढला. लहानपणी त्यांचे भाऊ घरच्या विहिरीत कमरेला सुका भोपळा बांधून पोहायला शिकले. मुलींना उतरायची परवानगी नव्हती. "मी भोपळा बांधून द्यायचे हो, गाठ माझीच पक्की बसायची," त्या म्हणाल्या. "पुढे कुणी नको म्हणणारं उरलं नाही, तेव्हा भीती बसलेली. सगळे महासागर फळ्यावर काढले, पण घोट्याच्या वर पाणी घेतलं नाही." इतकी वर्षं त्या अननसावर जीव मुठीत धरून पडून होत्या, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर कुणी नसताना त्यांनी मला हाक मारली. अननस खोलीतच होता. मी त्यांच्या पाठीखाली दोन्ही तळहात धरले आणि त्या आकाशाकडे तोंड करून पाण्यावर निजल्या. अंग लाकडासारखं ताठ, डोळे गच्च मिटलेले. मग हळूहळू माझ्या हातांवरचा भार कमी होत गेला.

"धरलंयत ना जावईबापू?"

"धरलंय," मी म्हणालो. खरं तर हात केव्हाच काढून घेतले होते.

या मे महिन्यात त्या आल्या नाहीत. कमरेचं दुखणं वाढलंय, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. आम्ही तलावावर पोचलो तोच त्यांचा फोन आला.

"पाणी कसं आहे?"

"गार आहे, आत्या."

"मग उतरा की. आणि फोन काठावर ठेवा तसाच. ऐकत्ये मी."

मी फोन काठावर ठेवला. आम्ही सगळ्यांनी एकामागून एक उड्या मारल्या. मी वर येऊन ओल्या हातानं फोन कानाला लावला.

पलीकडून आत्याबाई म्हणाल्या, "पुन्हा."