बॅटरी नसलेला रेकॉर्डर

आधी माझी चूक सांगतो, अनुभव नंतर. मी माझ्या मुलीबद्दल लोकांना खोटं सांगितलं.

ईशा सुमात्रातल्या एका डोंगराळ राखीव जंगलात काम करते. तिथे ओरांगउटान राहतात — लालसर केसांचे मोठे वानर, आता फार थोडे उरलेले. ती दिवसभर त्यांच्या मागे चालते. ते काय खातात, कुठे झोपतात ते बघते. आणि मी? इथे सिडनीत, पेंडल हिलच्या हॉलमध्ये मराठी मंडळाच्या गणपतीचं जेवण चालू होतं. कुणीतरी विचारलं, "ईशा काय करते सध्या?" आजूबाजूला सगळ्यांची मुलं डॉक्टर नाहीतर बँकेत... मी म्हणालो, "डेटा सायन्स. जकार्तात प्रोजेक्ट आहे."

ती सुट्टीवर आली तेव्हा हॅरिस पार्कला मिठाईच्या दुकानात मंडळाच्या नीलिमाताई भेटल्या. "अगं, डेटा सायन्सला काय डिमांड आहे ना! जकार्ता मानवलं का?"

ईशाने माझ्याकडे एकदा पाहिलं. "ऑल गुड, आंटी," म्हणाली. गाडीत बसल्यावर मात्र — "बाबा, आर यू अशेम्ड ऑफ मी?"

"तसं नाही गं. लोकांना समजावत कुठे बसायचं..."

"आय वॉज रेडी टू एक्सप्लेन. यू डिडन्ट लेट मी."

परत गेली ती माझ्याशी बोलणं बंद करून. फोन यायचा तो मेधाला, माझ्या बायकोला. मी शेजारच्या खोलीतून ऐकायचो.

आता अनुभव. मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहे. कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं, की "आधी वायरिंग तपासा" म्हणणारा माणूस. आजही तसाच आहे.

ईशाच्या एका सहकाऱ्याने सिडनीला येताना जंगलातले आवाज टिपणारा एक बिघडलेला रेकॉर्डर आणला. झाडावर बांधून ठेवतात तसा हिरवा डबा. ईशाचा मेधाला मेसेज होता — बाबाला जमतंय का विचार. मी तो बरेच दिवस हातात घेतला नाही. घेतला असता तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

शेवटी एका रविवारी दुपारी मागच्या अंगणातल्या टेबलावर डबा घेऊन बसलो. समोर मेधा डाळिंब्या सोलत होती. लख्ख ऊन. विमानासाठी बॅटऱ्या काढून ठेवलेल्या, मेमरी कार्डही नाही. महत्त्वाचं म्हणजे या डब्याला स्पीकरच नसतो. तो फक्त ऐकतो.

मी पहिला स्क्रू काढला आणि त्यातून आवाज आला.

आधी जड कपाट फरशीवरून ओढावं तशी घरघर. मग वाढत वाढत तिची गर्जना झाली, आणि शेवटी लांब उसासे. कुंपणापलीकडून शेजारचा ग्रेग ओरडला, "मेट, दॅट बाइक नीड्स अ सर्व्हिस!"

मी हसणार होतो. तेवढ्यात डब्यातून शिट्टी आली. दोन आखूड, एक लांब.

ही शिट्टी आमच्या घरातली आहे. ईशा लहान असताना मागच्या पार्कमध्ये खेळायची. जेवायची वेळ झाली की मी अशी शिट्टी वाजवायचो. "बाबा, आय अ‍ॅम नॉट अ डॉग!" असं ओरडत, पण शिट्टीनेच उत्तर देत ती धावत यायची.

मेधाचे हात थांबले. "संजय, तू वाजवलीस?"

"नाही."

"मग बघतोस काय? उत्तर दे तिला!"

मी वाजवली. डब्यातून पुन्हा आली. मी पुन्हा वाजवली... ओठ कोरडे पडेपर्यंत. मग डबा गप्प झाला.

संध्याकाळी ईशाचा फोन आला. "आई, स्पीकरवर ठेव. बाबा आहे का तिथे?"

तिने सांगितलं ते असं — दुपारी धुकं उतरलं. बरोबरचा वाटाड्या पुढे गेला आणि तिची पायवाट सुटली. अगदी डोक्यावरच्या झाडावरून ओरांगउटानच्या एका मोठ्या नराने घरघरत, गर्जत हाक दिली. ती घाबरली. वाटाड्याला ऐकू जाईल म्हणून सवयीने आमची शिट्टी वाजवली.

"देन आय हर्ड यू, बाबा. खालून, डावीकडून. शेवटचा सूर तू नेहमी पाडतोस, तसाच पाडलेला." त्या आवाजाच्या दिशेने चालत ती वाटेवर आली. धुकं निवळल्यावर कळलं, आधी ती जिकडे निघाली होती तिकडे सरळ कडा होता.

मी तो डबा पूर्ण उघडला. ओलाव्याने एक जोड गंजला होता, दुसरं काही नाही. दुरुस्त करून परत पाठवला. आता तो तिथल्या झाडावर आहे. अंगण, शेजारपाजार, सगळं तपासलं. स्पष्टीकरण मिळालेलं नाही, आणि 'भास असेल' असं मी म्हणणार नाही. मी ऐकलं, मेधाने ऐकलं, तिकडे ईशाने ऐकलं.

त्या फोनवरच मी म्हणालो होतो, "ईशा, माझं..."

तिने थांबवलं. "नॉट हियर, बाबा. यू नो व्हेअर."

दिवाळीच्या फराळाला ती आली होती. पेंडल हिलचा तोच हॉल. मी माइक मागून घेतला. नीलिमाताई पुढच्याच रांगेत होत्या.

"माझी मुलगी डेटा सायन्स करत नाही, जकार्तातही नसते," मी म्हणालो. "मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो, कारण तिचं काम सांगायची मला लाज वाटली. लाज माझी मला वाटायला हवी होती. ईशा, मला माफ कर. ये, हा माइक घे. तू काय करतेस ते आता तूच सांग."