जुनी केलेली टोपी

बाळंतपणात बाया आणि लेकरं दगावू नयेत म्हणून काम करणारी आमची संस्था परदेशातल्या लोकांच्या मदतीवर चालायची. मी तिच्यातर्फे हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजूची पाच खेडी बघायचे. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. एका हिवाळ्यात परदेशातून खोकं भरून लोकरीच्या टोप्या आल्या, तान्ह्या बाळांसाठी. तिकडच्या म्हाताऱ्या बायांनी हातानं विणलेल्या. लाल, निळ्या, एक तर चक्क झेंडूच्या रंगाची. मी हरखूनच गेले. कोण कुठल्या त्या बाया, ना ओळख ना पाळख, आणि आमच्या लेकरांच्या डोक्याची काळजी करतात!

जिथं जिथं दिवस भरत आले होते, तिथं टोप्या वाटल्या. पंधरा दिवसांनी फिरले तर एकाही लेकराच्या डोक्यावर टोपी नाही. सगळ्या पत्र्याच्या पेटीत. विचारलं की एकच उत्तर, "बारसं होऊ द्या की बाई."

बारशापर्यंत लेकराला नवं लावायचं नाही, ही रीत. दुसऱ्याच्या लेकराचं जुनं मागून आणायचं, आणि तेही चांगल्या वाढणाऱ्या लेकराचं. ज्या घरी लेकरं जगत नाहीत, तिथली चिंधीसुद्धा कुणी घेत नाही. आता मी काय आभाळातून पडले होते? कळमनुरीची मी. माझी स्वतःची पोरगी भाचीच्या जुन्या झबल्यात वाढत होती. पण रंगीत टोप्या बघितल्या आणि अक्कल गहाण टाकली.

त्यातच एका घरी दिवस भरायच्या आधीच पोरगं झालं. मुठीएवढं. डॉक्टरांनी सांगितलं, आईच्या छातीशी धरा, पाजत राहा, डोकं झाका, गार पडू देऊ नका. त्या बाईची आधीची दोन लेकरं आठवड्याच्या आत गेली होती. हे तिसरं. मी सकाळी गावच्या दाईला घेऊन गेले, तर पोराच्या डोक्याला लुगड्याचं पातळ फडकं, तेही घसरलेलं. तळपाय गार. आणि टोपी? पेटीत!

माझं डोकंच फिरलं. तिच्या सासूला म्हणाले, "मावशी, लेकरू गार पडून राहिलं अन् टोपी पेटीत काहून ठिवली? पूजा करायची का तिची?"

वाटलं, म्हातारी आता अंगावर येते. पण ती खाली बसली. हळूच म्हणाली, "पहिल्या दोघायला माझ्या पोरानं हौसेनं हिंगोलीहून नवंकोरं आनून घातलं व्हतं बाई. दोघंबी गेली. आता याला नवं लावायची माझी छाती न्हाई."

ती लेकरं थंडीनं गेली असतील, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मघाच्या बोलण्याची लाज वाटली.

दाईनं पोराला आईच्या उघड्या छातीशी निजवलं, वरून गोधडी घातली. मग पेटीतली टोपी काढून माझ्याकडं वळली. माझ्या कडेवर माझी सात महिन्यांची पोरगी होती. तिला घेऊनच मी गावं हिंडायचे. दाईनं ती झेंडूच्या रंगाची टोपी तिच्या टाळूवर ओढून बसवली. "घ्या मावशी, आता करू द्या तिला जुनी."

टोपी धड बसेना. पोरगी हसायची, हात मारून काढायची. दाई पुन्हा घालायची. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. बाळंतीण गोधडीतून बघून हसली. शेवटी म्हातारीनं टोपी मागून घेतली, नाकाशी धरली. माझ्या पोरीच्या टाळूवरच्या तेलाचा वास आला असणार.

"व्हय," ती म्हणाली, "आता ही लेकराची झाली." आणि स्वतःच्या हातानं नातवाला घातली. पार भुवयांपर्यंत आली.

पुढं खोक्यातली प्रत्येक टोपी आधी माझ्या पोरीच्या डोक्यावर चढली. नवरा म्हणायचा, "पोरगी हाय का टोप्यायचं दुकान?" मी हे सगळं परदेशी पाठवायच्या अहवालात लिहिलं होतं. संस्थेच्या साहेबांनी खोडलं. अजून राग येतो मला त्याचा. त्या विणणाऱ्या बायांना कळायला हवं होतं.

त्या पोरासाठी मी महिनाभर रोज जात होते. दारात पाय ठेवायच्या आधी रोज कान देऊन उभी राहायचे, आणि आतून रडणं ऐकू आलं की जीव भांड्यात पडायचा. पोरगं जगलं. बाळसं धरलं, रांगायला लागलं.

पुढच्या हिवाळ्यात म्हातारी जीपनं माझ्या घरी आली. पदराच्या गाठीतून टोपी काढली. धुतलेली, घडी घातलेली, रंग थोडा उडालेला.

"कुनाच्या घरी तान्हं झालं तर द्या," म्हणाली. चहा पिऊन निघाली, आणि दारातून वळून पुन्हा म्हणाली, "अन् इसरू नका बरं का बाई. आमच्या घरची हाय म्हनून सांगा."